पाहुण्यांसाठी खोली : आरंभ लहानच असावा

शेतकऱ्याच्या घरी पाहुणा येणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. परंतु राहण्याचे व जेवणाचे पैसे मोजून, दोन दिवस मोकळ्या हवेत घालविण्यासाठी शहरातून येणारा अनोळखी पाहुणा मात्र नवा आहे. त्याच्यापासून घरात चार पैसे येऊ शकतात, ही गोष्ट आता अनेक गावांनी अनुभवाने जाणली आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे लोक मोर व शेती पाहावयास जातात. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीस पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांसाठी गर्दी होते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००६ पासून कासव महोत्सव भरतो. समुद्राकडे जाणारी कासवांची पिल्ले पाहण्यास आलेली मंडळी गावकऱ्यांच्या घरांतून राहतात आणि त्या घरचेच जेवण जेवतात.

राज्य शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यास त्याखाली आपल्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते आणि निवासासाठी आठ खोल्यांपर्यंत सोय करता येते. परंतु आठ ही मर्यादा आहे, आरंभाची पायरी नव्हे. ही गोष्ट ध्यानी न घेतल्यानेच पुष्कळांचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकतो, असे आमचे मत आहे.

या धंद्याविषयी सल्ला विचारण्यास येणारे शेतकरी बहुधा पहिला प्रश्न कर्जाचा विचारतात. शेतात दोन टुमदार खोल्या बांधाव्यात, पुढे हिरवळ करावी, रस्त्यावर फलक लावावा म्हणजे पाहुणे आपोआप येतील, अशी त्यांची समजूत असते. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. समजा, माणशी एका दिवसाचा दर राहण्याजेवणासह ८०० रुपये ठेवला. त्यातून शिधा व दूधदुभते २५० रुपये, धुलाई, साबण, वीज व गॅस ८० रुपये, आणि रांधण्याझाडण्याच्या श्रमाचे १५० रुपये वजा केले असता ३२० रुपये उरतात. एका खोलीत वर्षाकाठी ४० दिवस दोन-दोन पाहुणे राहिले, तर शिल्लक २५,६०० रुपये होते. पाच लाख रुपये कर्ज काढून खोली बांधली आणि व्याज दरसाल दर शेकडा १० असले, तर नुसते व्याजच ५०,००० रुपये होईल. म्हणजे पाहुणे येऊनही शेतकऱ्यास उसाचे किंवा आंब्याचे पैसे व्याजापायी घालावे लागतील. उलट घरातील असलेलीच खोली ५०,००० रुपये खर्चून नीट केली, तर तो खर्च दोन वर्षांत भरून निघेल. आकडे प्रत्येकाच्या गावाप्रमाणे बदलतील. हिशेबाची रीत मात्र बदलणार नाही.

ते ५०,००० रुपये कशावर खर्चावेत? दिखाऊ वस्तूंवर नव्हे. शहरातील माणूस साधी खाट चालवून घेतो. अस्वच्छ संडास चालवून घेत नाही. म्हणून पहिला खर्च संडास-न्हाणीघरावर करावा. वृद्धांसाठी बसका संडास गैरसोयीचा होतो, याचाही विचार करावा. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. पिण्याचे पाणी निर्जंतुक केलेले असावे. १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम पुरते आणि ती घातल्यावर तासभर पाणी वापरू नये. त्यानंतर स्वच्छ चादरी, मच्छरदाणी, अंगणात रात्रीचा दिवा, एवढे पुरे.

शेत हे शहरी मुलास खेळाचे मैदान वाटते. ते तसे नाही. विहिरीस कठडा हवा. कीटकनाशकांचे डबे कुलपात हवेत. पाहुणे असताना फवारणी करू नये, आणि फवारलेल्या झाडाचे फळ ठरलेली मुदत संपण्यापूर्वी कोणास तोडू देऊ नये. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात मिळते, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. पाहुण्यांचा करार बहुधा घरचा कर्ता पुरुष करतो; पण पहाटेचा चहा, दोन वेळचा स्वयंपाक, भांडी व अंथरुणे हे सारे घरच्या बाईवर पडते. तिचे नेहमीचे शेतकाम व गुरांचे काम त्यामुळे कमी होत नाही. वरील हिशेबात श्रमाचे १५० रुपये वेगळे धरले आहेत ते याचसाठी. ४० दिवसांत दोन पाहुण्यांमागे ही रक्कम १२,००० रुपये होते. ती तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी, आणि पाहुणा घ्यावा की न घ्यावा हे तिला विचारल्यावाचून ठरवू नये. तिच्या श्रमाची किंमत शून्य धरून जो नफा दिसतो, तो नफा नव्हेच. अशी घरे एक-दोन हंगामांनी थकून पाहुणे घेणे सोडून देतात, यात आश्चर्य ते काय?

दुसरी गोष्ट शेतीच्या वेळापत्रकाची. पावसाळी सहलीचे दिवस आणि भातलावणीचे दिवस एकच असतात. दिवाळीच्या सुटीत भातकापणी व झोडणी चालू असते. मे महिन्यात कोकणात आंबा उतरविण्याची घाई असते. अशा वेळी दोन्हीकडे धावू गेल्यास लावणीही लांबते आणि पाहुणाही नाराज होतो. म्हणून वर्षारंभीच दिनदर्शिका समोर ठेवून शेतीच्या घाईचे आठवडे पाहुण्यांस बंद करावेत. पाहुणा शेती पाहावयास येतो. शेतीच मागे पडली तर त्यास दाखविणार काय? उलट घरचा तांदूळ, कुळीथ, कोकम, गूळ पाहुण्याच्या ताटात पडला आणि जाताना त्याने तो विकत नेला, तर मधल्या दलालीवाचून माल खपतो. आमच्या मते लहान शेतकऱ्याचा खरा फायदा खोलीभाड्याइतकाच या विक्रीत आहे.

व्यवहार चोख असावा. दर, जेवणाच्या वेळा आणि मद्यपानाविषयीचा घरचा नियम आधीच कळवावा व थोडी रक्कम आगाऊ घ्यावी. पाहुण्याचे नाव, पत्ता व ओळखपत्राची नोंद वहीत ठेवावी. परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती ठरलेल्या नमुन्यात कळविणे कायद्याने आवश्यक आहे. पैसे घेऊन जेवण द्यावयाचे असल्यास अन्न परवान्याची चौकशी तालुक्याच्या ठिकाणी करावी. मोबाइलवरून पाहुणे मिळवून देणाऱ्या कंपन्या दलाली कापून घेतात. ती दरात धरली नाही तर घरची शिल्लक तेवढी घटते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे की, कोणी शेतकरी या कामासाठी कर्जाचा अर्ज घेऊन आला, तर त्यास निराश करू नये. परंतु तीन प्रश्न अवश्य विचारावेत. घरात रिकामी होऊ शकणारी एक खोली आहे काय? पाण्याची व संडासाची सोय बारमाही आहे काय? आणि घरच्या बाईची संमती आहे काय? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर ओळखीच्या एखाद्या शहरी कुटुंबास ठरलेला दर घेऊन दोन दिवस बोलवावयास सांगावे. ते निघताना काय उणे पडले हे मोकळेपणाने विचारावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. असे एक वर्ष काढून वही व जमाखर्च दोन्ही घेऊन शेतकरी परत आला, म्हणजे दुसऱ्या खोलीचा विचार करण्यास हरकत नाही.