टोल्कीन यांच्या कल्पित भाषा : व्याकरणातील कथानक

कल्पित भाषेकडे साहित्यसमीक्षा बहुधा दोन तऱ्हांनी पाहते. कथेला परकेपणाचा रंग देणारे साधन म्हणून तिची एखाद्या वाक्यात वाखाणणी होते. अथवा १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या एस्पेरान्तोच्या मापाने तिला मोजून, तिच्यात व्यवहार कितपत करता येईल असा प्रश्न विचारला जातो. जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या क्वेन्या व सिंदारिन या भाषांच्या बाबतीत ही दोन्ही मापे तोकडी पडतात. ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सनचे अध्यापन करणाऱ्या या भाषाभ्यासकाने १९१५च्या सुमारास क्वेन्याचा कोश रचावयास घेतला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' प्रसिद्ध झाली ती १९५४–५५मध्ये. आधी भाषा, मग त्या भाषांना नांदावयास जग म्हणून कथा, असा क्रम ते स्वतः सांगत. लेखकाचा लाडका विक्षिप्तपणा म्हणून हे विधान सोडून दिले जाते. वस्तुतः ते शब्दशः स्वीकारावयास हवे, आणि तसे स्वीकारल्यास समीक्षेचे काम व्याकरणापासून सुरू होते.

क्वेन्यावर फिनिश भाषेचा ठसा आहे. शब्दारंभी जोडव्यंजन सहसा येत नाही. ब, द, ग हे घोष स्पर्श अनुनासिकासारख्या ठराविक व्यंजनांच्या सोबतीनेच येतात. शब्दान्ती मोजकीच व्यंजने चालतात. भाषा स्वरबहुल होते ती या निर्बंधांमुळे. 'किर्या' म्हणजे जहाज. 'किर्यान्ना' जहाजाकडे, 'किर्यास्से' जहाजात, 'किर्याल्लो' जहाजापासून. मराठी वाचकाला ही प्रत्ययमाला परकी वाटू नये. सिंदारिन मात्र वेल्शच्या वळणावर जाते. तेथे 'अदान' या शब्दाचे अनेकवचन 'एदाइन' होते, कारण अन्त्य स्वर लोपण्यापूर्वी त्याने मागच्या स्वरांना आपल्याकडे ओढून घेतले आहे.

या दोन भाषा एकाच कल्पित पूर्वभाषेच्या लेकी आहेत, ही यातील कळीची गोष्ट. वृक्षवाचक 'गलदा' या मूळ रूपापासून क्वेन्यात 'आल्दा' आणि सिंदारिनमध्ये 'गलध' सिद्ध होते. एकीत आरंभीचा 'ग' गळतो, दुसरीत शेवटचा स्वर. 'कर्ण–कण्ण–कान' ही परंपरा ज्याने घोकली आहे त्याला येथे कार्यरत असलेली शिस्त तत्काळ ओळखू येईल. फरक इतकाच की मराठीच्या इतिहासकाराला ही शिस्त शोधावी लागते, टोल्कीन यांनी ती रचली.

रचलेली शिस्त कथानक कसे होते, याचा नमुना १९६८च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९६ साली 'द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ' या खंडात प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात सापडतो. पूर्वभाषेतील दन्त्य घर्षक 'थ'चा क्वेन्यात 'स' झाला, हे टोल्कीन यांनी फार पूर्वीच ठरवून टाकले होते. चंद्राला सिंदारिनमध्ये 'इथिल' आणि क्वेन्यात 'इसिल' म्हणतात ते त्यामुळेच. आता या नियमालाच माणसे मिळाली. मीरिएलचे उपनाव 'थेरिन्दे', म्हणजे सुईकाम करणारी. लोक 'सेरिन्दे' म्हणू लागले तरी तिने 'थ' सोडला नाही. तिच्या पश्चात राजाने दुसरा विवाह केला आणि दुसऱ्या राणीने 'स'चा अंगीकार केला. मीरिएलचा पुत्र फेआनोर याला मग प्रत्येक 'स'मध्ये मातेचा अवमान ऐकू येऊ लागला. एका व्यंजनावरून घराण्यात फळी पडली. हा प्रसंग अतिरंजित वाटणारे वाचक असतील. पण ज्या समाजात 'पाणी' आणि 'पानी' यांवरून बोलणाऱ्याची जात, गाव व शाळा जोखली जाते, त्या समाजातील वाचकाने तरी तसे म्हणू नये. ध्वनिनियमाला अंधळा म्हणण्याची व्युत्पत्तिशास्त्राची रीत आहे. तो नियम ज्यांच्या तोंडून घडतो ती माणसे अंधळी नसतात, हे या टिपणाने दाखविले आहे, आणि ते 'थ'–'स'चा तपशील वगळून वाचताच येत नाही.

म्हणूनच या भाषांचे व्याकरण 'पूर्ण' करण्याच्या खटाटोपाविषयी साशंक राहावे लागते. २००१ ते २००३ या काळातील चित्रपटांनंतर क्वेन्या शिकणारे वाढले. उणे शब्द पाडले गेले, परस्परविरोधी रूपांतून एक निवडून बाकीची बाजूला सारली गेली. शिकणाऱ्याची ती गरज आहे, तीस हसू नये. मात्र टोल्कीन यांनी सर्वनामांचे प्रत्यय आयुष्यभर बदलले, आणि हे बदल म्हणजेच त्यांचे लेखन होय. 'पार्मा एल्डालाम्बेरॉन' व 'विन्यार तेंग्वार' ही नियतकालिके त्यांची टिपणे खाडाखोडीसह छापतात, ते याच जाणिवेने. विद्यापीठीय विभागांत भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका एका अध्यापकाकडे आणि कादंबरीची दुसऱ्याकडे असते. या व्यवस्थेत अशी खाडाखोड कोणाच्याच वाट्याला येत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. फ्रोडो हा गिल्दोर या एल्फाला क्वेन्यात अभिवादन करतो, त्यात 'भेटीच्या' या अर्थाचा शब्द पहिल्या आवृत्तीत 'ओमेन्तिएल्मो' असा होता. पुढे समावेशक 'आपण' आणि व्यावर्तक 'आम्ही' यांच्या प्रत्ययांची फेरमांडणी झाली, आणि दुसऱ्या आवृत्तीत 'ओमेन्तिएल्वो' आले. इंग्रजी अर्थात काहीच हलले नाही, कारण इंग्रजीला हा भेद ठाऊकच नाही. मराठी अनुवादकाला मात्र 'आपल्या भेटीच्या' की 'आमच्या भेटीच्या' हे ठरविल्यावाचून ते वाक्य लिहिता येणार नाही, आणि त्याचे उत्तर इंग्रजी मजकुरात नसून क्वेन्याच्या त्या एका 'व'मध्ये आहे.