आत्याचं ट्रेनिंग, माझं सर्टिफिकेट

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात एकच प्रश्न फिरतो, ‘यंदा कोणता कोर्स केलास?’ मग लोणावळ्याला दोन दिवसांचं वर्कशॉप, ग्रुप फोटो, झकास बुफे. आणि सोमवारी पुन्हा तेच जुनं एक्सेल! ओळखीचं वाटतंय ना?

आम्हा फ्रीलान्सर मंडळींना तर लोणावळाही नशिबी नाही. म्हणून मी स्वतःच्या खिशातून व्हिडीओ एडिटिंगचा वीकेंड कोर्स केला. सर्टिफिकेट आलं, भिंतीवर लागलं. पुढचे चार महिने सॉफ्टवेअर उघडलंसुद्धा नाही. मग एक छान असाइनमेंट आली आणि स्क्रीनकडे बघून मला घाम फुटला. काम गेलं, पैसेही गेले.

हे रडगाणं मी मंद्रूपला आत्याकडे गायले. सोलापूरहून विजापूर रोडने गेलं की लागतं ते मंद्रूप. आत्या तिथल्या अंगणवाडीत सेविका आहे. ती म्हणाली, “अगं, आम्हाला एकदम सगळं शिकवलं असतं तर आम्हीपण विसरलो असतो की!”

2018 मध्ये पोषण अभियान सुरू झालं, तेव्हा सेविकांच्या ट्रेनिंगचे 21 छोटे भाग केले गेले. साधारण महिन्याला एक, तोही नेहमीच्या बैठकीत. गृहभेटी कशा ठरवायच्या, सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं काय आणि किती भरवायचं, अशक्त नवजात बाळ कसं ओळखायचं, असे रोजच्या कामातले विषय. शिकायचं, महिनाभर घरोघरी करून बघायचं, अडलं की पुढच्या बैठकीत विचारायचं. सिंपल!

अर्थात सगळं गोड गोड नाही. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं आणि त्याच वर्षी राज्यातल्या कित्येक सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. अ‍ॅप इंग्रजीत, फोन सारखे बंद पडणारे. कर्मचाऱ्याला शिकवायचं तर त्याच्या भाषेत शिकवा आणि हातात चालणारं साधन द्या, एवढं साधं म्हणणं होतं त्यांचं. आपल्या एचआरनेही हे लिहून ठेवायला हरकत नाही!

तेव्हा दोस्तहो, पुढचा कोर्स निवडताना फीच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: यातलं काय मी येत्या सोमवारी कामात वापरणार आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो कोर्स तूर्तास राहू द्या. उत्तर मिळालं तर तेवढंच शिका, वापरा, आणि अडल्यावर विचारायला एक माणूस गाठून ठेवा.

मी आता महिन्याला एक छोटा व्हिडीओ करायचं ठरवलंय. पहिला मान अर्थातच आत्याच्या शेंगा चटणीला. दीड मिनिटाचा, दोन कट चुकलेले. आत्याचा लगेच फोन, “चटणी झ्याक दिसतीय. पुढच्या महिन्याचा कधी दाखवतीस?”

अप्रेझल म्हणतात ते हेच!