शेडची कडी

माझं माहेर सीनेपलीकडचं, परांडा तालुक्यातलं. सासर जेऊरचं. माझी आजी मला भेटायला यायची तेव्हा ‘मोगलाईतून खालशात आले’ म्हणायची. १९४८ पर्यंत सीनेच्या त्या काठाला निजामाचं राज्य होतं, या काठाला १९४७ पर्यंत इंग्रजांचं, आणि मधे करोडगिरीचा नाका. नाका उठून पाऊणशे वर्षं झाली. पण पाच वर्षांपूर्वी तो आमच्या घरात पुन्हा उभा राहिला, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

माझ्या धाकट्या दिरांचा ट्रॅक्टर आहे, दोन ट्रेलरसकट कर्जावर घेतलेला. ऊस वाहतुकीचा धंदा कसा चालतो ते आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कारखान्याशी करार वाहनमालकाचा. कारखान्याकडून मिळालेला ॲडव्हान्स, त्यात पदरचे घालून, तो मुकादमाला द्यायचा. मुकादमानं पावसाळ्यातच कोयत्यांना उचल वाटायची. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक. दसऱ्यानंतर टोळी यायची आणि ऊस तोडून उचल फेडायची. त्या वर्षी टोळी आलीच नाही. मुकादमानं आणखी दोघांकडून पैसे घेतले होते आणि टोळी कर्नाटकात उतरवली होती. इकडे ट्रॅक्टरचे हप्ते थकले. दीर रात्र रात्र अंगणात बसून असायचे. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, हे मला आधी सांगितलं पाहिजे.

एका रात्री ते चौघांना घेऊन सीनेपलीकडं गेले. मुकादम सापडला नाही. टोळीतला एक जण सापडला, बायको आजारी म्हणून मागं राहिलेला. त्याला घेऊन आले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांशेजारी बसवलं. “हिशेब झाला की जाईल,” दीर म्हणाले. कडी बाहेरून लावलेली होती.

भाकरी घेऊन मी गेले. सोबत दिरांचा माणूस होता. भाकरी ठेवताना मी दोन शब्द बोलले, तेवढ्यावरनं आत बसलेल्यानं ओळखलं. “ताई, तुम्ही आमच्याकडच्या का?” मी गावाचं नाव सांगितलं. तो काही बोलला नाही. हातावर उसाच्या पाचटानं कापल्याचे बारीक पांढरे वण होते, मनगटापासून कोपरापर्यंत. थोड्या वेळानं म्हणाला, “घरी फोन करून सांगा, जेवलो म्हणून.”

त्या रात्री जेवताना दीर म्हणाले, “वहिनी, तुमच्या मराठवाड्याची माणसं पैसे घेताना लाजत नाहीत.” मी भावाला फोन केला, तर तो म्हणाला, “तुमच्या बागायतदारांना माणूस म्हणजे दावणीचा बैल वाटतो.” दोघंही मलाच ‘तुमच्या’ म्हणाले. बावीस वर्षांच्या संसारात हा शब्द कुणी माझ्या अंगावर टाकला नव्हता. तिसऱ्या दिवशी शेडमधल्या माणसाचे नातेवाईक शेळ्या विकून निम्मे पैसे घेऊन आले आणि त्याला घेऊन गेले. त्या तीन दिवसांत मी सहा वेळा त्या कडीपाशी उभी राहिले. मी ती उघडली नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते. अमेरिकेतलं यादवी युद्ध कितीदा शिकवलं असेल. फळ्यावर नकाशा काढायचा, वर कारखान्यांची उत्तर, खाली कापसाची दक्षिण, दक्षिणेत चाळीस लाख गुलाम. १८६० मध्ये लिंकन निवडून आले, दक्षिणेतली राज्यं फुटली, १८६१ ते १८६५ लढाई झाली, सहा लाखांहून जास्त माणसं मेली. मधे रेघ ओढली की मुलांना समजल्यासारखं वाटायचं, मलाही वाटायचं. त्या तीन दिवसांनंतर हा धडा मला तसा शिकवता आला नाही.

कारण मग मला १८५० चा कायदा दिसू लागला. तोवर बोस्टनच्या दुकानदाराला गुलामगिरी ही खालच्या मुलखातली गोष्ट वाटत होती. त्याच्या भागातल्या गिरण्या त्याच कापसावर चालत, पण कापूस कुणी वेचला हे विचारायची गरज पडत नव्हती. १८५० च्या कायद्यानं सांगितलं की पळून आलेला गुलाम तुमच्या गावात सापडला, तर त्याला धरून द्यायला मदत करायची. त्याला लपवलं किंवा पकडणाऱ्यांच्या आड आलं तर दंड, तुरुंग. म्हणजे शेडची कडी लावायचं काम त्याच्यावर आलं. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाच्या पळालेल्या तरुणाला बोस्टनच्या रस्त्यांवर सैनिक उभे करून जहाजापर्यंत नेलं, तेव्हा लोकांनी घरांवर काळी कापडं लावली होती. तिकडे दक्षिणेतला मळेवाला म्हणत होता, कायदा आमच्या बाजूनं आहे, तुमची माणसं आमचं देणं बुडवतात. दोघंही एकमेकांना ‘तुमची माणसं’ म्हणत होते.

त्याआधी तीस वर्षं तिथले शहाणे पुढारी तडजोडी करत होते. १८२० मध्ये मिसुरी हे गुलामांचं राज्य संघात घ्यायचं ठरलं तेव्हा मेन हे मुक्त राज्य घेऊन पारडं बरोबर केलं आणि नकाशावर साडेछत्तीस अक्षांशाची रेघ ओढली. गुलामाची मोजदादही होत होती, पण कशासाठी? त्याला तीन-पंचमांश, म्हणजे पाचांतले तीन भाग माणूस धरून मालकाच्या प्रदेशाला संसदेत जास्त जागा मिळाव्यात म्हणून. माणसाचा प्रश्न प्रदेशांच्या वाटणीचा केला, आणि चाळीस वर्षांत वाटणीही टिकली नाही.

आपल्याकडचा हिशेब बघा. १९५३ चा नागपूर करार, १९८४ चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल, १९९४ ची विकास मंडळं, २०२० मध्ये त्यांची संपलेली मुदत. मी मराठवाड्याची लेक आहे, हा हिशेब मला हवाच आहे. पण त्यात ऊसतोड कामगार येतो तो प्रदेश मागास असल्याचा पुरावा म्हणून. त्याच्या अंगावर किती उचल आहे, कुणाची आहे, फिटली कशी, हे कुठल्या तक्त्यात नसतं. आणि या काठाला उजनीचं धरण. २०२१ मध्ये इंदापूरला पाच टीएमसी पाणी द्यायचं ठरलं, तर सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि पुढच्याच महिन्यात तो निर्णय रद्द झाला. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणारे आम्ही, त्या पाण्यावरचा ऊस तोडणाऱ्याची वही कधी मागितली नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर दंड बसतो, हे त्या बायका कधीपासून सांगत होत्या.

मला जास्त लागतं ते वेगळंच. जेऊरवरून जाणारा हा रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, आणि वर्षभरात अमेरिकेत युद्ध पेटलं. तिकडचा कापूस थांबला, इकडचा मुंबईहून लिव्हरपूलला जाऊ लागला, भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले, सरकारनं सारा वाढवला, सावकाराची खतं मात्र तशीच राहिली. मे १८७५ मध्ये भीमथडीतल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुण्या-नगरच्या गावागावांत खतं जाळली गेली. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना आसरा देणारा कायदा आला, तो पुणे, नगर, सातारा आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यासाठी. त्याच्या सहा वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून अमेरिकेत गुलाम सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. कर्जाचा कागद माणसाचं काय करतो हे भीमेकाठच्या शेतकऱ्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. त्याच शेतकऱ्याच्या पणतवंडांच्या घरी आज उचलीची वही आहे.

महाराष्ट्रात युद्ध होईल असं मी म्हणत नाही. पण दरवर्षी हंगामाच्या तोंडाला एका जिल्ह्यातल्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात रात्री शिरतात, माणसं उचलून आणतात, आणि दोन्हीकडची गावं एकमेकांना बुडवे आणि राक्षस म्हणू लागतात. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. त्याप्रमाणे माणसाला असं बांधून ठेवणारं कर्जच रद्द होतं आणि अंमल जिल्हाधिकाऱ्यानं करायचा असतो. मग सोलापूरच्या आणि बीड-धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांनी गाळपाआधी एकत्र बसावं, गावनिहाय करार नोंदवावेत. कारखान्यानं ‘ते आमचे कामगार नाहीत’ म्हणणं सोडावं आणि करार थेट तोडणाऱ्याशी करावा. म्हणजे माझ्या दिरांसारखा वाहनमालकही मधल्या मधे मरणार नाही. उचल खात्यात जावी, आणि बायकोच्याही खात्यात, कारण अर्धा कोयता ती आहे.

दिरांशी मी तेव्हापासून नीट बोलले नव्हते. गेल्या महिन्यात बोलले. म्हटलं, मुकादमाची तोंडी बोली घेऊ नका, प्रत्येक कोयत्याचं नाव, रक्कम आणि तारीख लिहा, आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या. दिरांनी बराच वेळ मान खाली घातली होती. मग म्हणाले, “वहिनी, लिहायचं तर तुम्हीच या.” दसऱ्याच्या आधी आम्ही सीनेपलीकडं जाणार आहोत, दिवसाढवळ्या. वही मी लिहिणार आहे. पहिल्यांदा त्या माणसाच्या घरी जायचं आहे.