एका मुखपृष्ठाखाली तीन विद्याशाखा

सोलापूरच्या सात रस्ता चौकात नेमके किती रस्ते मिळतात, यावर तेथील चहाच्या टपरीवर आमचा एकदा वाद झालेला आहे. कोठला रस्ता धरायचा आणि कोठली बोळ सोडायची, यावर हिशेब सहा ते आठच्या दरम्यान हेलकावत राहिला. त्याच टपरीवर, त्याच संध्याकाळी, आमच्यापैकी एकाच्या भ्रमणध्वनीवर एक निमंत्रण येऊन पडले. एका 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' शोधपत्रिकेचे ते निमंत्रण होते. वैद्यकशास्त्र, शिक्षणशास्त्र, अभियांत्रिकी, वाणिज्य, गृहविज्ञान, मराठी, हिंदी, संस्कृत अशा सर्व विषयांतील शोधनिबंध मागवले होते. स्वीकृती दोन दिवसांत मिळणार होती. शुल्क भरले की प्रमाणपत्र, आणि सहलेखक असल्यास प्रत्येकास स्वतंत्र प्रमाणपत्र, मात्र त्याचे शुल्क वेगळे.

पत्रिकेचे नाव आम्ही येथे देत नाही, आणि ते दिल्याने काही साधणारही नाही. असे निमंत्रण ज्याला आलेले नाही असा मराठीचा अध्यापक महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. आम्हांला बोलायचे आहे ते त्या यादीविषयी. वैद्यक, शिक्षण आणि अभियांत्रिकी या तीन विद्याशाखा एका मुखपृष्ठाखाली आल्या म्हणजे त्या एकमेकींना भेटल्या, असे मानावे काय?

ही पत्रिका जन्माला कशी आली, ते आमच्या वाचकांपैकी अध्यापकांना सांगावयास नको. विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांवर मोजल्या जाऊ लागल्या आणि छापलेल्या प्रत्येक निबंधाला भाव आला. मागणी आली तसा पुरवठाही आला. मग आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी त्या यादीची तपासणी करून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या आणि कोणत्याही मान्यवर सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली. सक्ती उठली तरी निमंत्रणे येतच आहेत. असो.

या सगळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुधा फसवणुकीच्या अंगाने. फसवणूक आहेच. परंतु आमची तक्रार निराळी आहे, आणि ती एका विद्यार्थिनीमुळे आम्हांला सुचली. २०२० च्या सुमारास ती मराठीत पीएच.डी. करत होती. बार्शीकडच्या एका खेड्यातून आलेली. स्त्रिया आपल्या दुखण्यांविषयी, विशेषतः ज्या दुखण्यांविषयी मोठ्याने बोलत नाहीत अशा दुखण्यांविषयी, कोणते शब्द वापरतात, ते तिने गावोगाव हिंडून टिपले होते. 'अंगावरून जाणे' हा शब्दप्रयोग एका बाईच्या तोंडी कोणत्या अर्थाने येतो आणि तिच्या सासूच्या तोंडी कोणत्या. 'पांढरे' कोणी म्हणते, 'धुपणी' कोणी म्हणते, आणि कोणी काहीच न म्हणता फक्त पदर सारखा करते. वहीची ऐंशी पाने झाली होती. प्रबंध सादर करण्यासाठी निबंध हवा होता. तिने तो अशाच एका पत्रिकेकडे पाठवला. स्वीकृती दुसऱ्या दिवशी आली. पाच पानांची मर्यादा होती म्हणून शब्दांचा तक्ता गाळला गेला. अंक हाती आला तेव्हा तिच्या निबंधाच्या आधी काँक्रीटच्या भारक्षमतेवर एक निबंध होता आणि नंतर रक्तदाबावर. तो रक्तदाबवाला लेखक आणि ही मुलगी यांची गाठ पडली असती, तर कदाचित दोघांच्याही कामी आले असते. ती पडली फक्त अनुक्रमणिकेत.

आता बार्शीचे नाव आलेच आहे, तर तेथेच थांबू. सोलापुरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेल्या या तालुक्याच्या गावी १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालू शकते. खेड्यातला रोगी मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे कागदही नाही आणि नोंदही नाही. बार्शीकरांनी यावर काढलेला उपाय आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. नोंदणीचे कार्यकर्ते ठराविक काळाने गावात जात, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत, ज्याच्याविषयी शंका असेल त्याला तपासणीला येण्यास राजी करत. मोजणी करावयाची तर आधी शिकवावे लागले. वैद्यक आणि शिक्षण यांची भेट तेथे गरजेतून झाली. त्यासाठी कोणी परिसंवाद भरवला नव्हता.

या पायावरच १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांचे ते एकत्रित काम होते. गावांचे ५२ समूह पाडले आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया अभ्यासात घेतल्या. चार गट केले. एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला केवळ नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या तज्ज्ञांनी या निष्कर्षाचा आधार घेतलेला आहे.

साहित्याच्या वाचकाने या चौसष्टच्या आकड्यापाशी थबकले पाहिजे. आम्ही थबकलो. चौथ्या गटातील स्त्रियांना चाचणी नव्हती, यावरून पुढे मोठा वाद झाला. २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्येही त्यावर कठोर टीका प्रसिद्ध झाली. तपासणीने मृत्यू टळतात हे इतरत्र ठाऊक असताना तीस हजारांवर स्त्रियांना तिच्याविना का ठेवले, हा टीकाकारांचा प्रश्न. त्या भागात एरवीही तपासणीची सोय नव्हती आणि तुलनेशिवाय कोणती पद्धत उपयोगी हे सिद्ध होत नाही, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद. आमचे मत विचाराल, तर तो युक्तिवाद आम्हांला पुरेसा वाटत नाही. परंतु या अभ्यासामुळे पुढे ज्या स्त्रिया वाचतील त्यांच्याकडे पाठ फिरवणेही आम्हांला जमत नाही. या पेचातून आम्हांला अद्याप वाट सापडलेली नाही.

त्या वादाच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो मात्र आमच्या विषयातला आहे. त्या स्त्रियांना काय सांगितले गेले? संमतीपत्र हा मजकूर असतो. तो कोणीतरी कोणत्यातरी मराठीत लिहिलेला असतो, आणि तो वाचणारी किंवा ऐकणारी बाई त्यातून काहीतरी अर्थ काढते. 'संमती', 'गट', 'चाचणी', 'अभ्यास' हे शब्द परांड्याच्या शेतमजूर बाईच्या कानी पडतात तेव्हा त्यांचे काय होते? 'अभ्यास' म्हणजे तिच्या लेखी मुलगा रात्री दिव्याखाली करतो ते. आपण अभ्यासाचा विषय आहोत, हे तिला कोणत्या शब्दांत सांगावे? येथे वैद्यकाचे पुस्तक फार मदत करत नाही. येथे लागतो तो शब्दांचा तो तक्ता, जो पाच पानांच्या मर्यादेसाठी गाळला गेला.

'आंतरविद्याशाखीय' या शब्दाचा आमच्या परिसंवादांत इतका वापर झाला आहे की तो उच्चारताना आता संकोच वाटतो. साहित्याच्या विभागांनी त्याचा अर्थ बहुधा असा घेतला की आपण समाजशास्त्रातून किंवा मानसशास्त्रातून काही संज्ञा उचलाव्यात आणि कादंबरीला लावाव्यात. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे आपल्या जवळचे शब्दांविषयीचे ज्ञान दुसऱ्या कोणाला हवे असेल ही शक्यता, आम्ही फारशी विचारातच घेतली नाही. आणि मग जेव्हा 'सर्व विषय स्वीकार्य' अशी पाटी दिसली, तेव्हा तिलाच आंतरविद्याशाखीयता समजून शुल्क भरले. दोष केवळ पाटी लावणाऱ्याचा नाही.

अभियांत्रिकीचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी माढा तालुक्यातील परितेवाडीला जावे लागेल. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ जणांना वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे शिक्षक म्हणून त्यांचे नाव झाले. तो कोड १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यातली खूण पाठ्यपुस्तकात आली, ही अभियांत्रिकी आणि शिक्षण यांची भेट. परंतु तिच्याही आधी एक गोष्ट घडली होती आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ती मागे पडली. परितेवाडीच्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. शिक्षकाने आधी त्यांची भाषा शिकून घेतली, मजकूर त्यांच्या भाषेत आणला, आणि मग तो चौकोनी ठिपक्यांचा कोड त्यांच्या कामी आला. एखाद्या मराठी विभागातील भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्या वर्गात वर्षभर बसून काही लिहिले असेल, तर ते आमच्या वाचनात आलेले नाही. आले तर आनंदाने वाचू.

येथे एक आक्षेप आम्हीच नोंदवतो. गावोगाव हिंडून शब्द टिपणाऱ्या मुलीला नोकरी लागणार आहे ती गुणांकांवर. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, महिन्याचे मानधन सहा महिन्यांनी हाती पडणाऱ्या अध्यापकाला, तू बार्शीच्या डॉक्टरांकडे जाऊन बस आणि दहा वर्षे काम कर, असे सांगणे हे पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला संयम शिकवण्यासारखे आहे. हे आम्ही जाणतो. बार्शीची नोंदणी एका रात्रीत उभी राहिली नाही. १९८७ आणि २००९ यांच्यामध्ये बावीस वर्षे आहेत. गुणांकांच्या तक्त्यात बावीस वर्षांसाठी रकाना नाही. तरीही ज्यांची नोकरी कायम आहे, ज्यांच्या बढत्या होऊन गेल्या आहेत, अशा आमच्यासारख्यांना ही सबब नाही. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८३ पासून वालचंद तंत्रनिकेतन संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. यांतल्या एका इमारतीतून दुसरीत जायला रिक्षा पुरते. आमच्यापैकी किती जण गेलो?

त्या विद्यार्थिनीला परवा आम्ही फोन केला. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. ऐंशी पानांची ती वही आहे का, असे विचारले. आहे, म्हणाली, माहेरी, ट्रंकेत. दिवाळीला गेल्यावर घेऊन येते म्हणाली, आणि मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, "सर, पण ती छापायला किती पैसे पडतील?"