अरबी घेऊन काय करणार?



बारावीचा निकाल लागला की आमच्या ब्राह्मणपाऱ्यात पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो, "आता पुढे काय?" मी बीए इंग्लिश घेतलं तेव्हा शेजारच्या काकूंनी परस्पर ठरवून टाकलं होतं, "म्हणजे टीचर होणार!" (मी कंटेंट रायटर झाले. मी नेमकं काय करते हे त्यांना अजून कळलेलं नाही.) पण दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, त्याने अख्खं घर गप्प झालं.

"मला दिल्लीला जेएनयूत बीए ऑनर्स करायचंय. अरबी."

बाबांनी तिच्यासाठी बीकॉमचा फॉर्म आधीच आणून ठेवला होता. आई म्हणाली, "एवढ्या लांब?" आणि आजीने मनातलं स्पष्टच बोलून टाकलं, "अगं, ती त्यांची भाषा. आपल्याला काय करायचीय?" खरं सांगा, तुमच्या घरातही कुणाच्या तरी मनात हे आलंच असतं ना?

बाबांनी तर थेट शिवाजी महाराजांचा दाखला दिला. "महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातले सुमारे 1400 फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत शब्द सुचवले. आणि तू उलट दिशेने निघालीस!"

बहीण शांतपणे म्हणाली, "बाबा, रघुनाथपंत हणमंत्यांनी तो कोश केला. त्या शब्दांचा अर्थ माहीत नसता तर त्यांना दुसरे शब्द सुचले असते का?"

बाबांकडे यावर उत्तर नव्हतं. मग मीही एक नाव पुढे केलं, कवी माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन. त्यांनी कॉलेजात फारसी शिकवली आणि 1925 मध्ये फारसी-मराठी कोश केला. पुढे भाषाशुद्धीचा आग्रहही त्यांनीच धरला. परकी भाषा शिकल्याने त्यांचं मराठीपण कुठे कमी झालं?

शेवटी बाबांनी एका अटीवर होकार दिला. पहिल्या वर्षी जमलं नाही तर परत यायचं आणि बीकॉम करायचं.

पहिले दोन महिने

आणि ते जवळजवळ जमलंच नाही. उजवीकडून डावीकडे लिहायचं, 28 अक्षरं, त्यातली बरीचशी फक्त टिंबांवरून ओळखायची. ते हात वळवून वळवून आलं. पण कानांचं काय? आपल्या कानाला 'ज' किंवा 'झ' वाटतील असे चार वेगळे उच्चार, 'स'सारखे तीन, 'ह'चे दोन. ऐकून लिहायच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली.

त्या रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. "ताई, आज एक शब्द शिकले. गरीब. अरबीत त्याचा अर्थ परका. इथे मी तशी गरीब आहे."

मला काय बोलावं सुचेना. मी नुसतं विचारलं, "अजून कुठले शब्द आपले निघाले?"

ती सांगत गेली आणि आम्ही तासभर बोललो. तक्रार? अरबीत 'तक्रार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. आपण कुलूप लावतो, ते अरबीतलं 'कुफ्ल'. व्याकरणाच्या नियमांना तिकडे 'कवाइद' म्हणतात, आपली कवायत तीच! आणि 'हरकत' म्हणजे हालचाल. अक्षरांवर-खाली जी स्वरांची चिन्हं असतात, त्यांनाही 'हरकात'च म्हणतात. आपण मात्र "काही हरकत नाही" म्हणतो आणि मोकळे होतो. तारीख, हिशेब, वकील, मालक, हवा, दुनिया... यातले बहुतेक शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि घरचेच झाले.

दुसऱ्या दिवशी आजीला हे सांगितलं. ती तिजोरीच्या कुलपाकडे बघत म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी अरबीच बोलतेय की काय!"

ओळखीचं काय काय निघालं

हळूहळू तिला वाट सापडली ती शाळेतल्या संस्कृतमुळे. अरबीतही द्विवचन आहे. आणि 'कृ' धातूपासून कर्ता, कर्म, कार्य होतात, तसेच अरबीत क-त-ब या तीन व्यंजनांपासून किताब (पुस्तक), कातिब (लिहिणारा), मकतब (कार्यालय) आणि मकतबा (ग्रंथालय) होतात. एक मूळ कळलं की शब्दांचं कुटुंबच हाती लागतं.

गंमत म्हणजे अरबीत 'प' नाही. आपलं रायपूर तिकडे 'रायबूर' होतं! शिवाय तिथली अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडे आपल्यासारखे डावीकडून उजवीकडे. अरब मंडळी त्या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात.

दुसऱ्या वर्षी पुन्हा ठेच लागली. तिने इजिप्तचा एक सिनेमा लावला आणि काही कळेना. विद्यापीठात शिकवतात ती प्रमाण अरबी, 'फुस्हा'. पुस्तकांची, बातम्यांची. घरात, बाजारात मात्र इजिप्तची बोली वेगळी, मोरोक्कोची वेगळी, आखाताची वेगळी. हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत, आमच्या बोलण्यात हिंदी मिसळलेली, थोडी छत्तीसगडीही. पुण्याच्या मावशीकडे "काय करून राहिली?" म्हटलं की अजून सगळे हसतात.

तुमच्या घरात कुणी विचार करत असेल तर

जेएनयूत बीए ऑनर्सला 2022 पासून सीयूईटी परीक्षेने प्रवेश मिळतो. हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत अरबी आहे, मुंबई विद्यापीठातही अरबी विभाग आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी त्यांच्या वेबसाइटवर नीट बघा.

कामं आहेत. भाषांतर, दूतावास, कंपन्यांचे आखाती ग्राहक. इराक, ओमान, येमेनहून उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांना दिल्लीच्या हॉस्पिटलांत दुभाषे लागतात. पण नुसती पदवी पुरत नाही. सोबत चांगलं इंग्रजी, कॉम्प्युटर आणि निदान एक बोली हवी. आखातातल्या कितीतरी नोकऱ्या इंग्रजीवरच चालतात, हेही आधीच माहीत असू द्या.

सध्या बहीण तिसऱ्या वर्षाला आहे. नोकरी अजून लागलेली नाही आणि बाबांची काळजी संपलेली नाही. पण बीकॉमचा तो फॉर्म रद्दीत गेला. आजी दर रविवारी फोनवर "आजचा शब्द?" विचारते. परवा काकूंनी बाबांना गाठलं, "अरबी घेऊन काय करणार हो ती?" बाबा म्हणाले, "तिलाच विचारा. फोन लावून देऊ?"

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातल्या मुलाने उद्या एखादी अनोळखी भाषा निवडली, तर "काय उपयोग?" जरूर विचारा. पैसे तुमचे, काळजी तुमची. फक्त त्याआधी एकदा "पहिला धडा दाखव बरं" म्हणून बघा.

काही हरकत नाही ना?