मध्यंतरीची वीस वर्षे

पलटणींचे इतिहास लिहिण्याची एक ठरीव रीत आहे. पलटण कोणत्या साली उभारली, तिचे पहिले सेनापती कोण, कोणकोणत्या रणांगणांची नावे तिच्या निशाणावर चढली, शांततेच्या काळात ती कोणत्या छावणीत राहिली, ह्याची टिपणे क्रमाने मांडीत गेले म्हणजे पुस्तक सिद्ध होते. आमचा ह्या महिन्याचा विषय मात्र ह्या रीतीत बसत नाही. दोन महायुद्धांमधील ज्या वीस वर्षांचा वृत्तांत आम्ही सांगणार आहो, त्या काळात ती पलटण लष्कराच्या दप्तरात नव्हतीच. महारांची पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली. मध्यंतरी तिचे निशाण नव्हते, छावणी नव्हती, पगारपत्रक नव्हते. तरीही त्या वर्षांना इतिहास आहे.

ह्याच सुमारास युरोपात याच्या अगदी उलट प्रकार घडत होता. बाल्टिक समुद्राच्या काठच्या लिथुआनिया ह्या चिमुकल्या देशाने १९१८ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्य पुकारले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपले सैन्य उभारावयास घेतले. त्याच्या पायदळ पलटणींना गेडिमिनास, आल्गिर्दास अशा मध्ययुगीन राजांची नावे मिळाली. १९४० मध्ये रशियाने तो देश गिळला, तेव्हा ते सैन्यही त्याच्या पोटात गेले. म्हणजे तिकडच्या पलटणी नेमक्या ज्या दोन दशकांत नांदल्या, तीच दोन दशके इकडच्या एका पलटणीच्या वाट्याला अज्ञातवास म्हणून आली. स्वातंत्र्य मिळताच त्या लोकांनी सैन्याची उभारणी आधी हाती घेतली, हे ध्यानात ठेवले म्हणजे आमच्याकडील एक समाज लष्कराच्या दाराशी इतकी वर्षे अर्ज घेऊन का उभा होता, हे समजण्यास सोपे जाते.

मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत महार शिपाई विपुल होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी जी लढाई झाली, तिच्या स्मारकस्तंभावर कोरलेल्या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ती महारांची नावे म्हणून ओळखू येतात. परंतु त्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही भरती बंद करण्यात आली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या काळी ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत बळावला होता आणि एका पलटणीत वा तुकडीत एकाच वर्गाचे लोक ठेवावे असे धोरण ठरले. अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम वरिष्ठ जातींचे शिपाई मानणार नाहीत, हेही कारण पुढे येई. ह्या कारणाकडे आमच्या वाचकांनी किंचित थांबून पाहावे. इंग्रजाने दार लावले खरे. पण त्या दाराला अडसर घातला तो आमच्याच स्वयंपाकघरातील सोवळ्याने. कोरेगावच्या मैदानात ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढणे चालले, त्याच्या हाताखाली उभे राहणे पाऊणशे वर्षांनी चालेनासे झाले, ही शौर्याची परीक्षा खास नव्हे.

भरती बंद झाल्याने काय गेले? शिपाईगिरीची चाकरी गेली, एवढेच समजणाराला ह्या प्रकरणाचे मर्म कळले नाही. पलटणीत शिपायांच्या मुलांसाठी शाळा असे. ज्या काळी गावच्या शाळेत महाराच्या मुलास ओसरीवरही बसता येत नसे, त्या काळी पलटणीतला मुलगा, आणि पुष्कळदा मुलगीही, अक्षर ओळखून बाहेर पडे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांचे धाकटे चिरंजीव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मले, ते डॉ. भीमराव आंबेडकर. कोकणात दापोलीस निवृत्त महार शिपायांची मोठी वस्ती होती. त्यांतीलच गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहिले, आणि भरतीबंदीनंतर सरकारकडे पाठविण्यासाठी विनंतिपत्र रचले. पुढे ‘सोमवंशीय मित्र’ काढणारे शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. अर्ज नामंजूर होत गेले. अर्ज करणारे हात मात्र लष्करी शाळेत घडलेले होते, हे विसरून चालणार नाही.

मग पहिले महायुद्ध आले आणि माणसांची वाण पडली. जी जात लढाऊ नव्हती ती एकाएकी पुरेशी लढाऊ ठरली. १९१७ च्या जूनमध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी झाली. ती कराचीस गेली. एडन व वायव्य सरहद्दीवर तिने चाकरी केली. युद्ध संपले, काटकसर सुरू झाली, आणि १९२१ मध्ये तिचे विसर्जन झाले. दुसऱ्याच वर्षी साऱ्या हिंदी पायदळाची नवी मांडणी करण्यात आली. जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली आणि तिचे शिक्षणकेंद्र बेळगावास वसले. ह्या नव्या मांडणीत महारांच्या पलटणीला स्थान नव्हते. उभारणीपासून विसर्जनापर्यंत अवघी चार वर्षे. एवढ्या अल्पावधीत कोणाही पलटणीला परंपरा म्हणून काय जमविता येणार?

आता आमच्या झाडीच्या मुलखाकडे वळू. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व त्यातून १९८२ मध्ये वेगळे झालेले गडचिरोली, येथील महार समाज संख्येने मोठा. परंतु कोकणातील पेन्शनर सुभेदाराचे घर येथल्या गावांत सहसा आढळत नसे. त्याचे कारण भूगोलात आणि राज्यकारभारात आहे. कोरेगावच्याच वर्षी, १८१८ च्या मे महिन्यात, इंग्रजांनी चांद्याचा किल्ला तोफा डागून घेतला. पण मुलूख मात्र १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या नावाने राहिला. मुंबईच्या फौजेचे भरती करणारे हवालदार इकडे फिरकण्याचे कारण नव्हते, आणि जवळची कामठीची छावणी मद्रासी लष्कराची. येथला महार मालगुजाराच्या गावी कोतवालकी करी, शेतात राबे आणि सूत काती, लुगडी विणी. चांद्याचे हातचे बारीक सूत एके काळी नावाजलेले होते. १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुताने त्या चरख्याचा घास घेतला. कोकणातल्या महाराचे पलटणीचे दार बंद झाले, त्याच्या आगेमागेच झाडीतल्या महाराचा माग बसला. दोघांची दु:खे निराळ्या वाटांनी आली. दोघांच्या घरी त्यानंतर जी चूल थंडावली ती मात्र एकच.

आता त्या वीस वर्षांत पलटण होती कोठे, हा प्रश्न. आमचे उत्तर असे की ती गणवेष उतरवून समाजात वावरत होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, १९ व २० मार्च रोजी, महाडची परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले. त्या परिषदेच्या भाषणात लष्कराची दारे बंद झाल्याने ह्या समाजाची जी हानी झाली तिचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला, आणि समोर बसलेल्यांत कोकणचे जुने पेन्शनर शिपाई होते. पाणी पिऊन परतणाऱ्यांवर गावात लाठ्या पडल्या. उलट हात उगारू नये ही आज्ञा त्या लोकांनी पाळली. लढाई टाळण्याचा हुकूम लढवय्याने पाळणे हे कवाईतीतले सर्वांत कठीण प्रकरण, असे आमचे मत आहे. ह्याच काळात समता सैनिक दल आकारास आले. काठी, रांग, हुकूम हे सारे लष्करी. शस्त्र मात्र नाही. सरकारने मोडलेली पलटण लोकांनी अशी बिनपगारी चालविली.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा १९१७ चाच प्रसंग पुन्हा आला. ह्या खेपेस अर्ज करणारा माणूस दाराबाहेर नव्हता. १९४१ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी उभारली गेली ती कामठीस. झाडीपट्टीच्या दृष्टीने ह्या एका गावाच्या नावाला फार मोल आहे. बेळगाव चांद्याच्या तरुणाला विलायतेइतकेच लांब. कामठी शंभर मैलांवर. नागभीडवरून जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीत बसले की नागपूर, आणि तेथून पुढे काही कोस. पुढच्याच वर्षी, १९४२ च्या जुलैत, नागपुरास दलित वर्गांची अखिल भारतीय परिषद भरली, समता सैनिक दलाचेही अधिवेशन त्याच वेळी झाले. चांदा-भंडाऱ्याकडील मंडळींना बिनगणवेषाची पलटण आणि गणवेषाची पलटण, दोन्ही तेव्हा एकाच टप्प्यात आल्या होत्या.

ह्या रेजिमेंटच्या टोपीवरील पहिल्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये तिला मशीनगन चालविणारी पलटण करण्यात आले आणि चिन्हावर आडव्या-तिडव्या दोन मशीनगन आल्या; स्वातंत्र्यानंतर स्तंभ काढून तेथे खंजीर बसविण्यात आला. तिचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन हे हिच्याच आठव्या पलटणीचे.

आज ह्या रेजिमेंटमध्ये अनेक प्रांतांचे व अनेक जातींचे जवान आहेत. आंध्र प्रांताच्या एका घरातून आलेले जनरल कृष्णराव आणि तामिळनाडूचे जनरल सुंदरजी, दोघेही ह्याच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पुढे पहिले १९८१ मध्ये व दुसरे १९८६ मध्ये साऱ्या भारतीय भूदलाचे प्रमुख झाले. ज्या नावाच्या सुभेदाराचा हुकूम घेण्यास १८९२ च्या सुमारास वरिष्ठ जातींची ना होती, ते नाव त्यांनी आपल्या खांद्यावर बाळगले.