विश्लेषण : चारशे किलोमीटरवरची व्हिंटेज गाडी मोबाइलवर पाहून घ्यावी का?

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि जुन्या गाड्यांच्या आठवणी पुन्हा जाग्या झाल्या. आता नशिराबादच्या घरात बसून मुंबई-पुण्यातल्या जुन्या फियाट, अॅम्बेसेडर किंवा जीपचे फोटो पाहता येतात, सौदाही ठरवता येतो. पण फोटोत रंग दिसतो, गंज दिसत नाही. गाडी न पाहता घेताना फसगत कुठे होते आणि ती कशी टाळायची, याचा हा आढावा.

कायद्याने व्हिंटेज कोणती?

जाहिरातीत प्रत्येक जुनी गाडी ‘व्हिंटेज’ असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार मात्र पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. तिची चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

म्हणजे नव्वदच्या दशकातली पद्मिनी कितीही देखणी असली तरी व्हिंटेज नाही. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नसराईत वरातीला भाड्याने देऊन पैसे वसूल करू, असा हिशेब असेल तर तो इथेच चुकतो.

आधी कागद का?

इंजिन दुरुस्त होते, हरवलेली फाइल सहज सापडत नाही. त्यामुळे पहिली मागणी आरसी बुकाच्या सर्व पानांच्या स्पष्ट फोटोंची करावी. त्यावरचा चॅसी आणि इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे चालू व्हिडीओत पाहावे. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर सौदा तिथेच थांबवावा. जुन्या गाड्यांची नोंद अनेकदा ‘वाहन’ प्रणालीत चढलेली नसते. ती विक्रेत्याने आधी मूळ आरटीओत करून घ्यावी.

आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन, हा प्रकारही जुना आहे. डिझेल स्वस्त असताना अनेक जीप आणि अॅम्बेसेडरची इंजिने बदलली गेली. अशी गाडी चालेल झकास, पण व्हिंटेज नोंदणीत अडकेल.

चकाकीखाली काय दडते?

जीपला स्वतंत्र चॅसी असते. जुनी फियाट आणि अॅम्बेसेडर यांच्यात मात्र बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे त्यांचा तळ किंवा दाराखालची पट्टी गंजली, तर तो केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. गाडीची ताकदच जाते. लांबी भरून वर रंग मारला की फोटोत काहीच कळत नाही. त्यावर साधा उपाय लोहचुंबकाचा. तो पातळ कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर, डिकीच्या तळाशी लावायला सांगावा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे किंवा पत्राच उरलेला नाही.

गाडी कुठे उभी होती, हेही विचारावे. समुद्रकाठच्या दमट हवेत पत्रा खातो. खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हात पत्रा टिकतो, पण रबर, वायरिंग आणि सीट वाळून तडकतात. रबर बदलणे सोपे आणि तळाचा पत्रा बदलणे महागडे, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवावे.

व्हिडीओ कॉलवर काय पाहावे?

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन बरेच दोष लपवते. सायलेन्सरमधून सतत निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरत असावे. काळा धूर बहुधा कार्बोरेटरचा, म्हणजे त्यातल्या त्यात किरकोळ दोष. ऑइलचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. आतून दुधट चिकटा दिसला तर सावध व्हावे. शेवटी गाडीखाली मोबाइल धरून पुढून मागपर्यंत सलग चित्रण मागावे. तुकड्यातुकड्यांचे व्हिडीओ मान्य करू नयेत.

पैसे केव्हा द्यावेत?

त्या शहरातला, विक्रेत्याशी संबंध नसलेला मिस्तरी पाठवणे सर्वात उत्तम. त्याची मजुरी आणि वेळ पडल्यास स्वतःचे रेल्वेचे तिकीट, हे दोन्ही खर्च चुकीच्या गाडीपेक्षा स्वस्तच पडतात. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा’ किंवा ‘पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा’ ही फसवणुकीची ठरलेली भाषा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

मोठी रक्कम मूळ आरसी हातात आल्यावर आणि हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या झाल्यावरच द्यावी. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. कर्जाचा बोजा उतरल्याची खात्रीही करावी. गाडी ट्रकवर चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि वाहतुकीचा विमा पाहावा.

क्रम थोडक्यात असा : आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन आणि सर्वात शेवटी रंग. विक्रेता नेमका उलट क्रमाने दाखवतो.